एक इयत्ता खाली

परिपत्रक आलं तेव्हा केतकी शेवाळेच्या शेवटच्या पेपरला आठवडा उरला होता. परिपत्रकं नेमकी अशाच वेळी का येतात, याचा अभ्यास अजून कुठल्याही विद्यापीठानं केलेला नाही. डोईफोडे सरांनी ते दोनदा वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं आणि मगच केतकीला समान संधी केंद्रात बोलावून घेतलं.

समान संधी केंद्र म्हणजे कऱ्हाडच्या त्या कॉलेजातली जिन्याखालची खोली. दिव्यांग विद्यार्थ्यांच्या सगळ्या अडचणी तिथे सुटायच्या, फक्त खोलीच्या दारातली पायरी तेवढी सुटली नव्हती. केतकीची चाकाची खुर्ची आली की सर स्वतः बाहेर येत, खुर्ची मागून कलवून आत घेत आणि दर वेळी म्हणत, "रॅम्पचं मंजूर झालंय हं." मनानं चांगला माणूस. नियमाला मात्र फार भ्यायचा.

"नियम काही नवीन नाही, केतकी," सर म्हणाले. "ज्याला हातानं लिहिता येत नाही त्याला लेखनिक मिळतो. पण लेखनिक परीक्षार्थीपेक्षा एक इयत्ता खालचा हवा. नाहीतर तो स्वतःच्या पदरचं लिहील."

"मला लेखनिक नाहीच आहे सर," केतकीच्या गळ्यातली पट्टी म्हणाली.

"तेच तर. विद्यापीठ म्हणतंय, पट्टी हीच लेखनिक. आणि ती तीन वर्षं तुझ्याबरोबर वर्गात बसलीय. म्हणजे तीही तृतीय वर्षाची. तुझ्याच इयत्तेची."

"मग तिलाही हॉलतिकीट द्या."

सर हसले नाहीत.

या पट्टीबद्दल थोडं सांगायला हवं. माणूस मनातल्या मनात बोलतो तेव्हाही मेंदू घशाच्या, जिभेच्या आणि जबड्याच्या स्नायूंना विजेचे अगदी क्षीण इशारे पाठवत असतो. ओठ हलत नाहीत, आवाज निघत नाही, पण इशारा गेलेला असतो. पट्टीच्या आतल्या बाजूचे इलेक्ट्रोड तो टिपतात आणि एक चिप त्याचे शब्द करते. शब्द हवे तर छोट्या स्पीकरमधून ऐकू येतात, हवे तर पडद्यावर उमटतात. घशाच्या ऑपरेशनमध्ये आवाज गमावलेल्या माणसाला ही पट्टी बांधली की तो एक-दोन दिवसांत बोलायला लागतो.

केतकीचं तसं नव्हतं. जन्मताना तिच्या मेंदूला प्राणवायू कमी पडला होता. तिची बुद्धी शाबूत राहिली, उलट जरा जास्तच धारदार निघाली, पण स्नायूंवरचा ताबा गेला. हात एकीकडे न्यायचा तर दुसरीकडे जायचा, मान आपल्या मर्जीनं हलायची, त्यामुळे होकाराची मान कुठली आणि नकाराची कुठली हेही लोकांना कळायचं नाही. मेंदूतून निघालेलं वाक्य नीटस असायचं, घशापर्यंत पोचेतो त्याचा लगदा व्हायचा. म्हणून तिच्या पट्टीला एकट्या केतकीला शिकावं लागलं. इशारा अस्पष्ट आला की पट्टी अंदाज करायची, की अशा वेळी केतकी काय म्हणेल? अंदाज चुकू नये म्हणून तिला कानही दिलेला होता. आजूबाजूला कोण काय बोलतंय, सर काय शिकवतायत, हे सगळं ती ऐकायची आणि लक्षात ठेवायची. यातलं टिपलेलं किती आणि ओळखलेलं किती, हे वेगळं काढता येत नाही. आपण अर्धं वाक्य बोललो तरी आईला कळतं, त्यातलं कानानं किती आणि सवयीनं किती हे आई तरी कुठे सांगू शकते?

आणखी एक गोष्ट. पट्टी जे शिकते ते चिपच्या धातूतच मुरतं. फाइलसारखी त्याची नक्कल काढून ठेवता येत नाही. वर्षातून एकदा कंपनी सर्व्हिसिंगच्या वेळी मोठ्या यंत्रावर त्याचा ठसा घेते, तेवढाच. केतकीच्या पट्टीचा ठसा मागच्या जूनमधला होता.

"म्हणून विद्यापीठानं मार्ग काढलाय," सर परिपत्रकावर बोट ठेवत म्हणाले. "पट्टी मागच्या वर्षीच्या ठशावर न्यायची. म्हणजे ती द्वितीय वर्षाची होईल. एक इयत्ता खाली."

"आणि यंदाचं?"

"ते... पुसलं जाईल."

आत्ताची पट्टी यंदा काय काय शिकली ते केतकीनं आठवायचा प्रयत्न केला आणि थांबली, कारण ते म्हणजे तिचं वर्षभराचं सगळं बोलणंच होतं. हे तिला मान्य नसेल तर मानवी लेखनिक घ्यायचा. तो तिचं एक अक्षर समजू शकणार नव्हता. आणि पेपर सोडला तर पुण्याच्या आपत्ती व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमातली तिची जागा गेली. दरडींवर काम करायचं म्हणून तिनं भूगोल घेतला होता, आणि ती जागा या निकालावर अडलेली होती. एक वर्ष वाट बघायला तिथे कुणी बसलेलं नव्हतं.

"निदान बघून तरी घे," सर म्हणाले. "सोमवारी कंपनीचा माणूस येईल. जुना ठसा दुसऱ्या पट्टीवर चढवून दाखवेल. ती फक्त दाखवायला, परीक्षेला नोंदलेली तुझीच पट्टी लागते. आईलाही बोलव."

सोमवारी कंपनीचा फैयाज मुल्ला आला. तो आधीही दर वर्षी यायचा, केतकीशी दोन-चार विनोद करून जायचा. आज त्यानं विनोद केला नाही. तिची पट्टी काढून बाजूला ठेवली आणि दुसरी बांधली. केतकीची आई, शालनताई, भिंतीलगतच्या स्टुलावर पर्स मांडीवर घेऊन बसली होती. नवरा गेल्यापासून भांड्यांचं दुकान तीच चालवायची, आणि आज ते शेजारच्या माणसावर सोपवून आली होती.

"बोल काहीतरी," फैयाज म्हणाला.

केतकीच्या मनात पहिलं आलं ते साधंच होतं. आई, दुकान कुणावर टाकून आलीस?

पट्टीतून आवाज आला, तिचाच, नेहमीचा. "आई, दुकानात बाबा आहेत ना?"

बाबा ऑगस्टमध्ये गेले होते. जूनच्या ठशाला ते माहीत असायचं कारण नव्हतं. इशारा अस्पष्ट आला होता, दुकान आणि आई एवढं कळलं होतं आणि पुढचं पट्टीनं केतकीच्या मागच्या वर्षीच्या सवयीनं भरून काढलं होतं.

केतकीनं घाईघाईनं दुरुस्त करायचा प्रयत्न केला. बाबा नाहीत, मला म्हणायचं होतं...

"बाबा आले की मला न्यायला येतील," पट्टी म्हणाली.

"काढा ते!" हे सर बोलले. फैयाजनं पट्टी काढली. केतकीच्या घशातून जो आवाज निघत होता तो कुठल्याच शब्दाचा नव्हता, ती रडत होती.

शालनताईनं पदरानं तोंड पुसलं. मग ती जे बोलली त्याची केतकीला अपेक्षा नव्हती.

"पुसा ते यंदाचं," ती म्हणाली. "काय बिघडतंय? चार दिवस बाबांचं नाव घेईल, घेऊ दे. पुन्हा शिकंल की ते यंत्र. पेपर चुकला तर पुन्हा येणार हाय का?"

जुनी पट्टी परत गळ्यात आल्यावर केतकी म्हणाली, "मी हे करणार नाही, आई."

"तुला काय जातंय नाही म्हणायला!"

सरांनी मधे पडून एक वाट काढली, तीही नियमातलीच. विद्यापीठाला अर्ज करायचा. समितीनं समोर बसवून प्रश्न विचारावेत, उत्तरं केतकीचीच आहेत अशी खात्री झाली तर पट्टी आहे तशी वापरायची सूट द्यावी. "पण नियमानं एक राखीव लेखनिक हजर ठेवावा लागेल," सर म्हणाले. "नातेवाईक चालत नाही. तुझं बोलणं समजणारं, खालच्या वर्गातलं कुणी आहे?"

केतकीनं नाव सांगितलं. असं माणूस एकच होतं, आणि त्या माणसाशी ती तीन वर्षं बोललेली नव्हती.

संपदा डुबल समोरच्या घरात राहायची. केतकीपेक्षा दोन वर्षांनी लहान. दहा वर्षांची असल्यापासून तिला केतकीचं बोलणं कळायचं, कसं ते तिलाही सांगता यायचं नाही. दुकानात, दवाखान्यात, शाळेत केतकी काय म्हणतेय ते संपदा सांगायची. दहावीचे आणि बारावीचे पेपर तिनंच लिहिले. मग पट्टी आली. बारावीच्या सत्काराला केतकी पहिल्यांदा पट्टीतून बोलली. सभागृह भरलेलं, संपदा नवा ड्रेस घालून तिसऱ्या रांगेत. केतकी म्हणाली होती, "आजवर माझं बोलणं उष्टं होऊन लोकांपर्यंत जायचं. आज पहिल्यांदा ते माझं स्वतःचं आहे." टाळ्यांचा कडकडाट झाला. बोलताना तिच्या मनात संपदा नव्हतीच, मनात फक्त स्वतःचा आनंद होता. पण ऐकणारीला ते कसं कळावं? दुसऱ्या दिवसापासून समोरचं दार तिच्यासाठी उघडलं नाही.

आता संपदा याच कॉलेजात प्रथम वर्षाला होती आणि कमवा व शिका योजनेत ग्रंथालयात काम करायची. केतकी गेली तेव्हा ती पुस्तकांच्या कण्यावर क्रमांक चिकटवत होती.

"संपदा, मला तुझ्याशी बोलायचंय," पट्टी म्हणाली.

दोन-तीन डोकी वर झाली. "आवाज कमी कर त्याचा," संपदा मान वर न करता म्हणाली. "ग्रंथालय हाय."

केतकीनं आवाज कमी केला. तिला मोडकंतोडकं काहीतरी म्हणायचं होतं, चुकलं माझं, एवढंच. पट्टी म्हणाली, "त्या दिवशी मी जे बोलले त्यानं तुझ्या इतक्या वर्षांच्या कष्टांचा अपमान झाला. माझा तसा हेतू नव्हता, पण हेतू नसला तरी लागायचं ते लागतंच. मला माफ कर."

संपदानं आता वर बघितलं. "छान बोललीस," ती म्हणाली. "पण हे बोललं कोण? तू का ते?"

"मीच."

"नक्की?"

"मला शंका नाही," पट्टी म्हणाली. हे केतकीचं ठरलेलं उत्तर होतं. पट्टी आली तेव्हापासून निम्मं जग तिला हाच प्रश्न विचारायचं, कौतुकानं, कधी खवचटपणानं, आणि ती दर वेळी तडकून हेच सांगायची. आज मात्र सांगून झाल्यावर तिला जरा चुकल्यासारखं वाटलं. चुकलं माझं, यापलीकडचं ते सगळं वाक्य तिला खरंच सुचलं होतं का?

"डोईफोडे सर आले होते मघाशी," संपदा पुढचं पुस्तक ओढत म्हणाली. "राखीव म्हणून येते मी गुरुवारी. सर म्हणाले म्हणून. माझ्या तोंडचं उष्टं तुला चालत असेल तर."

केतकी खुर्ची वळवून निघाली.

गुरुवारी समिती आली. समिती म्हणजे विद्यापीठाच्या भूगोल विभागाच्या डॉ. राजमाने आणि त्यांच्यासोबत आलेला, काही न बोलता टिपणं घेणारा एक क्लार्क. बाई उंच, मोजकं बोलणाऱ्या, आणि डोळे असे की समोरच्याला उगाचच आपण काहीतरी लपवतोय असं वाटावं. प्राचार्यांच्या खोलीत टेबलाच्या एका बाजूला त्या बसल्या, समोर केतकी, तिच्या उजव्या हाताला शालनताई. डोईफोडे सर उभेच. संपदा दाराजवळच्या खुर्चीवर, वहीबिही काही न घेता.

पहिले तीन-चार प्रश्न सोपे गेले. नदीची वळणं, मृदेची धूप, जमीन वापराचे नकाशे. केतकी उत्तर मनात जुळवायची, पट्टी ते बोलायची, आणि केतकीला आपलंच वाक्य ऐकू यायचं. बाई मधेच तिरके प्रश्न घालत होत्या. एकदा त्या नकाशावर अंतर मोजत असताना केतकीनं त्यांचीच चूक काढली, "तुम्ही मोजपट्टी उलटी धरलीत मॅडम," आणि बाई पहिल्यांदा हसल्या. सरांचे खांदे सैल झाले. शालनताईनं केतकीच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"आता शेवटचा," बाई म्हणाल्या. "यावर तुला पुढे काम करायचंय म्हणून विचारते. डोंगरउतारावरचं गाव आहे. दरड अजून कोसळलेली नाही, यंत्रं नाहीत. गावातल्या माणसाला आधी काय काय दिसेल?"

केतकीनं मनात सुरुवात केली. आधी भेगा...

"आधी भेगा दिसतील," पट्टी म्हणाली. "उतारावर चंद्रकोरीसारख्या. त्या रोज रुंदावतात का ते खुंट्या ठोकून बघता येतं. झाडं आणि विजेचे खांब कलायला लागतात. झऱ्यांचं पाणी अचानक गढूळ होतं किंवा नव्याच जागी पाणी फुटतं. आणि घरांची दारं चौकटीत अडकायला लागतात, कारण पायाखालची जमीन आधीच सरकू लागलेली असते. लोक सुताराला बोलावतात, बोलवायला हवं तहसीलदाराला."

"वा!" सरांच्या तोंडून निघून गेलं.

केतकी मनात अजून भेगांपाशीच होती. खांब कलतात हे तिला माहीत होतं, अजून मनात आणलं नव्हतं एवढंच. पण दारं? दारं अडकतात हे तिला माहीतच नव्हतं. ते कुठून आलं? मग तिला आठवलं. फेब्रुवारीतली दुपार, दरडींवरचं व्याख्यान, आणि ती, आदल्या रात्री वाचत बसल्यामुळे, वर्गात चक्क झोपली होती. ती झोपली होती. पट्टीचा कान जागा होता. तो सुताराचा विनोदही त्या व्याख्यात्याचाच असणार, आणि पट्टीनं तो अगदी केतकीच्या ढंगात मारला होता.

म्हणजे परिपत्रक काढणारा माणूस तिला वाटला होता तितका मूर्ख नव्हता.

हे खोलीत आणखी कुणालाही कळलेलं नव्हतं. गप्प बसायचं एवढंच काम होतं. पट्टी वाचणार होती, पेपर होणार होता, पुण्याची जागा मिळणार होती. तिच्या आयुष्यात कधी नव्हे ती सगळी माणसं एकाच वेळी तिच्यावर खूश होती.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "उत्तम. नियमाप्रमाणे एक विचारावं लागतं. हे उत्तर तुझं स्वतःचं आहे?"

शेवटचं माझं नाही, केतकीनं मनात म्हटलं.

"हो मॅडम," पट्टी म्हणाली. "माझंच आहे."

केतकी दचकली. नाही. ते दारांचं माझं नाही.

"मला शंका नाही," पट्टी म्हणाली.

हाच प्रश्न, आणि तीन वर्षं त्याला तिनंच तडकून दिलेलं हेच उत्तर. पट्टी खोटं बोलत नव्हती. केतकी भेदरली होती, इशारे पार विस्कटलेले होते, आणि अशा वेळी केतकी काय म्हणते ते पट्टीला पक्कं ठाऊक होतं. ती जितकी जोरानं नाही म्हणू बघत होती तितके इशारे बिघडत होते, आणि तितकी पट्टी ठाम होत होती. "माझंच उत्तर आहे, मॅडम. लोकांना का विश्वास बसत नाही कळत नाही."

"बसला ना विश्वास," बाई समजुतीनं म्हणाल्या आणि त्यांनी कागद पुढे ओढला.

केतकीनं हात उचलला. हात टेबलाकडे गेला, पाण्याचा ग्लास आडवा झाला, क्लार्क कागद उचलत उठला. तिनं पुन्हा हात मागे नेला, दंड खुर्चीच्या पाठीवर आपटला, दुखलं. पट्टीला मागे चुंबकाची कडी होती, अशाच हातांसाठी केलेली. तिसऱ्या खेपेला मनगट कडीत अडकलं आणि तिनं सगळं अंग पुढे झोकून दिलं. पट्टी सुटून फरशीवर पडली.

मग ती स्वतःच्या घशानं बोलली. तीन वर्षांत चारचौघांत पहिल्यांदा. आवाज घोगरा, ओढलेला, मधेच तुटणारा निघाला, आणि तोंडाच्या कडेनं लाळ आली. तिला त्याची लाज वाटली, तरी ती पुन्हा बोलली.

"घाबरली असेल," सर म्हणाले. "पट्टी बांधा कुणीतरी."

"थांबा," बाई म्हणाल्या. "काय म्हणतेय ती? आई, तुम्हाला कळतं ना?"

शालनताईला न कळायला काय झालं? जगात सगळ्यात आधी हा आवाज तिला कळला होता. तिनं केतकीकडे बघितलं, मग टेबलावरच्या त्या कागदाकडे, ज्यावर फक्त सही व्हायची राहिली होती.

"हो म्हणतीय," शालनताई म्हणाली. "माझंच उत्तर हाय म्हणतीय."

केतकी आईकडे बघत राहिली. तिला राग यायला हवा होता, आला तो पोरकेपणा. पट्टी निदान न कळून बोलली होती. ती पुन्हा ओरडली, तोच एक शब्द, आणि मान नेमकी वरखाली हलली, होकार द्यावा तशी.

"बघा, हो म्हणतेय," सर सुटकेनं म्हणाले.

"नाही म्हणतीय ती."

संपदा दाराजवळ उभी राहिली होती. खोलीतल्या सगळ्यांनी तिकडे बघितलं.

"संपे, तू गप बस," शालनताई कळवळून म्हणाली. "तुला काय माहिती तिचं?"

"काकी, तिचं 'नाही' मला कळतं. लहानपणी मला रोज तेच तर ऐकायला लागायचं." संपदा चालत आली, केतकीच्या खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसली, आपल्या ओढणीच्या टोकानं तिनं तिचं तोंड पुसलं. "सांग. हळू सांग. माझी सवय गेलीय."

केतकी बोलली. संपदानं मान हलवली. "नाही कळलं. परत सांग."

केतकीनं परत सांगितलं. पट्टीनं तिला कधी परत सांगायला लावलं नव्हतं. एकेक शब्द घशातून उपसून काढताना तिला घाम फुटला.

"म्हणतीय, भेगांपर्यंत माझं होतं," संपदा म्हणाली. "पुढचं... परत? हां. पुढचं पट्टीचं. दारांचं तिला माहीतच नव्हतं. वर्गात झोपली होती म्हणतीय."

क्लार्कला हसू आलं, बाईंनी बघताच ते गेलं. शालनताईनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं.

"मग तुझं उत्तर काय?" बाईंनी केतकीला विचारलं. संपदाला नाही, केतकीला.

त्याला बराच वेळ लागला. बाहेर तास संपल्याची घंटा झाली, मुलं गेली, पुन्हा शांत झालं. भेगा. खांब. झाडं. पाण्याचं अर्धवटच, गढूळ होतं एवढं, नवा झरा फुटतो ते राहूनच गेलं. तीन वेळा संपदानं चुकीचं ऐकलं आणि तीनही वेळा केतकीनं ते हाणून पाडलं. एकदा तर दोघी भांडल्याच, पुटपुटत, जुन्या पद्धतीनं.

"हे मघापेक्षा कच्चं आहे," बाई म्हणाल्या.

केतकी काहीतरी बोलली. संपदाला हे परत विचारावं लागलं नाही. "म्हणतीय, मला एवढंच येतं."

बाईंनी तो कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं. "पट्टी पुसायची नाही. ती परीक्षेच्या खोलीबाहेर राहील. पेपर ही मुलगी लिहील, जादा वेळेसह. वेळ पुरणार नाही, मला माहिती आहे, पण याहून जास्त वेळ माझ्या हातात नाही. पुण्याचं काय होईल तेही मी सांगू शकत नाही." मग संपदाकडे वळून, "तू एक इयत्ता खाली आहेस ना?"

"दोन," संपदा म्हणाली.

शालनताई अजून तशीच बसली होती, हातांत तोंड घालून. खांदे हलत होते. केतकीनं खुर्ची जमेल तशी तिच्याकडे वळवली. तिचा हात हवेत दोनदा भलतीकडेच गेला आणि मग आईच्या मांडीवर पडला. ती बोलली, एक लांब, तुटक वाक्य. आई, रडू नको. मला तुझा राग आलाय, पण तो आपण घरी गेल्यावर काढू.

शालनताई रडता रडता हसली.

"आता काय म्हणाली ती?" बाईंनी विचारलं. क्लार्कनं पेन सरसावलं.

संपदानं केतकीकडे बघितलं. "ते आईला म्हणाली," ती म्हणाली. "ते मी सांगणार नाही."